क्लच जड झाला ते दिवस

पाऊस गेला की आमच्याकडे गंज दिसायला लागतो. चार महिने सगळंच ओलं असतं, तेव्हा तो लपून बसतो. दसऱ्याच्या सुमाराला ऊन कडक पडलं, भिंती वाळल्या, की खिडक्यांच्या ग्रिलवर, जिन्याच्या कठड्यावर, गॅलरीतल्या दांड्यांवर तांबूस फोड उठतात. मग घरोघरी पॉलिश पेपर घासल्याचा आवाज सुरू होतो. आमच्या सोसायटीत चकलीच्या आधी ऑइल पेंटचा वास येतो आणि त्यावरून दिवाळी जवळ आली हे कळतं. एखादी नवी शेजारीण नव्या कपाटाची बिजागरी दाखवून हळहळते, तेव्हा जुनी माणसं समजुतीनं मान हलवतात. "खाडीचा वारा," म्हणतात, आणि विषय तिथंच मिटतो. मीही म्हणते. फक्त ते म्हणताना मला दर वर्षी चोरट्यासारखं होतं. कारण एके वर्षी आम्ही सगळ्यांनी मिळून या वाऱ्यावर एक दोष टाकला होता. तो त्याचा नव्हता. आणि कुणाचा होता ते मला माहीत असूनही मी तोंड मिटून बसले होते.

गिरगावातून आम्ही वाशीला आलो तेव्हा मी सातवीत होते. सत्तरचं दशक संपत आलं होतं. "एवढ्या लांब?" असं नातेवाईक अशा सुरात विचारत, की बाबांना काळ्या पाण्याची शिक्षा झाली आहे. खरं म्हणजे बाबांना वाशी मनापासून आवडली होती. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात ते ड्रॉइंग ऑफिसात होते. दिवसभर पेन्सिलीनं रेघा मारणारा माणूस. आधी कागदावर काढून मग बांधलेलं गाव त्यांना दुसरं कुठं मिळणार होतं? इथं रस्ते आधी झाले होते, माणसं अजून यायची होती. दोन्ही बाजूंना कमरेएवढं गवत, मध्ये सरळसोट डांबरी रस्ता, आणि त्यावर एखादीच म्हैस. भरती-ओहोटीप्रमाणे चिखलाचा वास कमी-जास्त व्हायचा. वारा फिरला की कारखान्यांकडून कुजक्या लसणासारखा दर्प यायचा. आई खिडक्या लावून घ्यायची आणि बाबांकडे बघायची, जणू तो त्यांनीच सोडलाय.

बस तासातासानं यायची. म्हणून बाबांनी चेंबूरच्या एका डॉक्टरांची जुनी, छोटी गाडी घेतली. रंग दुधाच्या सायीचा. पुढची सीट एकसलग, बाकासारखी, आणि गियरचा दांडा स्टिअरिंगच्या बाजूला, त्यामुळे पुढे तिघं मावायची. दारं बंद करताना दोनदा आपटावी लागत. पण आमच्या बिल्डिंगमधली ती पहिली गाडी होती. कुणाची मुंज असो नाहीतर कुणाला ताप असो, बाबांना हाक यायची. त्यांना ती हाक आवडायची. आई म्हणायची, "अहो, तुम्हाला लोक वापरून घेतात." बाबा म्हणायचे, "गाडीही वापरलीच पाहिजे. उभी राहिली की गंजते."

तो मोसम सुरू झाला दसऱ्याला. मी बारावीत होते, सतरा वर्षांची. सकाळी गाडी धुतली, झेंडूचा हार घातला, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, पुढच्या दोन्ही चाकांखाली लिंबं ठेवली. बिल्डिंगमधली मंडळी खाली जमली होती. बाबा बसले, गाडी सुरू झाली, पहिला गियर पडला, आणि गाडी एक गचका खाऊन बंद पडली. पुन्हा सुरू केली. पुन्हा गचका. तिसऱ्या वेळी कशीबशी हलली आणि लिंबं चिरडली गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आईचं तोंड उतरलं होतं. "शकुनालाच बंद पडायची होती का," ती पुटपुटली. बाबा रुमालानं कपाळ पुसत उतरले आणि म्हणाले, "क्लच जड झालाय."

लगेच सगळ्यांना कारण सापडलं. तळमजल्यावरचे काका म्हणाले, "खारी हवा. माझ्या सायकलची चेन बघा." दुसऱ्या कुणीतरी आपल्या गोदरेजच्या कुलपाची कथा सांगितली. पावसाळ्यात गाडी उघड्यावरच उभी होती, तेव्हा क्लचची वायर गंजून आवळली असणार यात कुणालाच शंका नव्हती. आम्ही मुंबईतून आलेली माणसं या नव्या जागेवर प्रेम करत होतो आणि जे बिघडेल ते तिच्याच माथी मारत होतो. केस गळाले, पाणी वाईट. पापड सादळले, हवा वाईट. क्लच जड झाला, वारा वाईट.

गाडी बाळारामकडे गेली. वाशीतल्याच जुहूगावच्या वेशीवर त्याची पत्र्याची शेड होती. चाळिशीचा, आडव्या अंगाचा, कमी बोलणारा माणूस. घरची भातशेती सरकारनं शहरासाठी घेतली, तेव्हा तो घाटकोपरच्या एका गॅरेजात काम शिकला आणि परत येऊन आपल्याच वेशीवर बसला. "तुमची बिल्डिंग हाय ना साहेब, तिथं आमचा खारीचा शेत होता," असं त्यानं पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. त्यात तक्रार नव्हती, नुसता पत्ता सांगावा तसं सांगितलं होतं. बाबांना मात्र ते लागलं. तेव्हापासून ते गाडीचं सगळं काम त्याच्याकडेच न्यायचे.

बाळारामची एक पद्धत होती. क्लच तपासायचा तर तो सीटवर बसत नसे. दार उघडून खाली उकिडवा बसायचा आणि पेडल तळहातानं दाबायचा, डोळे मिटून. "पायाला बूट असतो. हाताला कलतं," म्हणायचा. त्या दिवशी त्यानं तसं तीनदा दाबून बघितलं. मग म्हणाला, "जरासा आवलला हाय. वायर बदलतो." वायर बदलली, ग्रीस घातलं. बाबांनी फेरी मारली आणि आनंदानं परत आले. आठ दिवसांत क्लच पुन्हा जड झाला.

ऑक्टोबरचं ऊन वाशीत वेगळंच असतं. झाडं तेव्हा नव्हतीच. दुपारी घर तव्यासारखं तापायचं आणि मी ओल्या पंचानं पाय गुंडाळून केमिस्ट्री पाठ करायची. साडेपाचला कारखान्याची बस बाबांना कोपऱ्यावर सोडायची. मग जिन्यात त्यांची चप्पल ऐकू यायची. एक पाऊल नीट, दुसरं फरपटत. टप्प, सर्र. टप्प, सर्र. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "अहो, पाय उचलून चाला. पाय घासत घरात येऊ नये, अवलक्षण असतं." डाव्या चपलेचा अंगठा सैल झालाय असं बाबा म्हणाले. चांभाराकडून तो घट्ट करून आणला. मग चप्पल टाचेशी झिजल्याचं निघालं. नवी जोडी आली. तीही महिनाभरात डाव्या पायाच्या पुढच्या टोकाला झिजली. आमचं घर वस्तूंवर विश्वास ठेवणारं होतं. वस्तू बिघडते, वस्तू दुरुस्त होते. माणूस बिघडतो हे आमच्या यादीतच नव्हतं.

दुसऱ्या खेपेला बाळारामनं गिअरबॉक्स उतरवून क्लच प्लेट बदलली. त्या रविवारी मी बाबांबरोबर शेडवर गेले होते. काम झाल्यावर बाबा बसले, पेडल दाबलं, आणि त्यांच्या मानेची शीर ताठ झालेली मला दिसली. "अजून जडच आहे," ते म्हणाले. बाळाराम उकिडवा बसला. तळहातानं दाबलं. पेडल खालपर्यंत गेलं. त्यानं एकदा बाबांच्या पायाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"बाय, तू बस. तू दाब."

मी बसले. दाबलं. लोण्यात बोट जावं तसं पेडल खाली गेलं. मी हसले आणि म्हणाले, "बाबा, किती सोपं आहे."

बाळाराम हात पुसत उभा राहिला. मग बाबा म्हणाले, "तरण्या पायात जोर असतो. आमचं वय झालं आता." त्यांचं वय तेव्हा सत्तेचाळीस होतं. आज माझी मुलगी चाळिशीकडे चालली आहे आणि अजून मॅरेथॉन पळते. पण सतरा वर्षांच्या मुलीला सत्तेचाळीस म्हणजे म्हातारंच वाटतं. मला ते उत्तर पटलं.

त्याच संध्याकाळी बाबांनी ती युक्ती काढली. आपल्या गाड्यांत क्लचचं पेडल सगळ्यात डावीकडे असतं, म्हणजे ड्रायव्हरच्या शेजारी बसणाऱ्याच्या बाजूला. पुढची सीट एकसलग. "सरक इकडे," बाबा म्हणाले. मी त्यांना चिकटून बसले आणि उजवा पाय लांब करून क्लचवर ठेवला. "मी 'हं' म्हटलं की दाबायचं. खांद्यानं ढोसलं की हळूहळू सोडायचं. बाकी मी बघतो." अशी आम्ही दोघांनी मिळून एक गाडी चालवली. आईला सांगितलं, नीला गाडी शिकतेय. आई मागे बसायची. मागून पाय दिसत नाहीत.

सुरुवातीला गाडी बेडकासारखी उड्या मारायची. मग जमत गेलं. चार-पाच दिवसांत मला इंजिनाच्या आवाजावरूनच कळायला लागलं की आता 'हं' येणार. पायाचा तळवा आणि बाबांचा खांदा यांच्यामध्ये एक भाषा तयार झाली होती. बाबा फार बोलणारे नव्हते. घरात त्यांचं आणि माझं बोलणं म्हणजे मार्क, डबा आणि वर्तमानपत्रातलं शब्दकोडं. त्या सीटवर मात्र मी त्यांच्या बरगड्यांची हालचाल अंगाशी अनुभवत होते. त्यांच्या शर्टाला पेन्सिलीच्या लाकडाचा वास यायचा. वळणावर ते स्टिअरिंग फिरवताना कोपर माझ्या डोक्यावरून न्यायचे आणि दर वेळी "सांभाळ" म्हणायचे. मी इतकी खूश कधीच नव्हते. हे लिहायला मला आज लाज वाटते, पण खरं ते खरं.

एका रविवारी आम्ही मासळीसाठी उरणला गेलो. तशी वाशीतही मिळायची, पण बाबांना लांब जायचं निमित्त हवं होतं. पनवेलच्या बाजूनं रस्ता भातखाचरांतून जायचा. कापणी चालू होती. बाया ओळीनं वाकून विळे चालवत होत्या आणि कापलेल्या भाताचा गोडसर, ओलसर वास गाडीत भरला होता. पुढे मिठागरं लागली. पावसाचं पाणी काढून मजूर चिखल पायानं तुडवून वाफे पक्के करत होते. गुडघ्यापर्यंत चिखल, पाय उचलायचा आणि टाकायचा, एका लयीत. बाबांनी गाडी हळू केली आणि कितीतरी वेळ त्यांच्या पायांकडे बघत राहिले. मागून आई म्हणाली, "थांबलात कशाला? कोळंबी संपेल." बाबांनी 'हं' म्हटलं आणि मी क्लच दाबला.

नरकचतुर्दशीला सकाळी मी फराळाची ताटं वाटायला खाली गेले होते. बाबा एकटेच गाडी पुसत होते. त्यांनी उजवीकडचं दार उघडलं. ड्रायव्हरच्या जागी बसताना डावा पाय आधी आत जातो. बाबांनी इकडेतिकडे बघितलं. मग दोन्ही हातांनी गुडघ्यापाशी पँट मुठीत धरली, पाय उचलला आणि आत ठेवला. झोपलेलं मूल पाळण्यात ठेवतात तसा, जपून. मग स्वतः बसले. मान वर केली तर समोर मी, हातात चार ताटं.

मी जवळ गेले. ताटं बॉनेटवर ठेवली. बाबाच म्हणाले, "जोर येत नाही ग. कधीकधी पोटरीत नुसतं फडफडतं, पक्षी असल्यासारखं. आईला सांगू नकोस. एवढी दिवाळी जाऊ दे."

दिवाळी गेली. मग म्हणाले, तुळशीचं लग्न होऊ दे. मग म्हणाले, कारखान्यात ऑडिट आहे. शेवटी म्हणाले, "तुझी बारावी होऊ दे. घरात टेन्शन नको." प्रत्येक वेळी मी मान हलवली. आपल्याकडे वाईट बातमीला नेहमी मुहूर्त शोधतात. लग्न होऊ दे, बारसं होऊ दे, परीक्षा होऊ दे. बातमी मात्र कशासाठीच थांबत नाही.

मी का गप्प बसले? आज्ञाधारक मुलगी म्हणून, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. बाबांनी विश्वास टाकला होता, तो मोडायचा कसा? हे खोटं नाही. पण पूर्णही नाही. मी बोलले असते तर बाबांना डॉक्टरकडे नेलं असतं, गाडी बंद झाली असती, आणि ती पुढची सीटही. माझ्या पायामुळे त्यांचा पाय झाकला जात होता. माझा पाय काढून घेतला असता तर सगळं पहिल्या दिवशीच उघडं पडलं असतं. हे मला कळत होतं. सतरा वर्षांच्या मुलीला जेवढं कळायला हवं तेवढं सगळं कळत होतं. पण मला गाडी चालवायला मिळत होती.

त्या दोन महिन्यांत आई बाबांना फार बोलली. दूध आणायला खाली जायचा कंटाळा. गच्चीवर गहू वाळत घालायला यायचा कंटाळा. कांदे-बटाट्यांचा घाऊक बाजार नुकताच मुंबईतून वाशीला आला होता, तिथून दहा किलो कांदे आणून ठेवावेत एवढी तिची साधी अपेक्षा. बाबा उद्यावर ढकलायचे. "अंगात नुसता आळस भरलाय," आई म्हणायची. "माणूस नव्या घरात येऊन संस्थानिक झाला." बाबा हसायचे. मी पुस्तकात डोकं खुपसायची. एकदा त्यांच्या हातून आमटीचं पातेलं निसटलं, कारण उंबऱ्याला पाऊल अडखळलं. आईनं फरशी पुसता पुसता अख्खा दिवस ऐकवलं. मी उठून फडकं घेतलं, पुसायला लागले. यापलीकडे मी काही केलं नाही.

डिसेंबरात बाबांनी बाळारामला पेडल लांब करायला सांगितलं. दांडा लांब झाला की जोर कमी लागतो, हे त्यांनी कागदावर आकृती काढून त्याला समजावलं. बाळारामनं आकृतीकडे नीट बघितलं, लोखंडाची पट्टी वेल्डिंग करून जोडली. बाबांनी बसून दाबलं. पेडल अर्ध्यावर गेलं आणि पाय घसरून बाजूला पडला. त्यांनी पुन्हा ठेवला. पुन्हा पडला. बाळाराम खाली बघत म्हणाला, "साहेब, मी अजून काय करू? तुमी सांगा." बाबा म्हणाले, "तू काही करू नकोस. छान झालंय काम."

संक्रांतीच्या आदल्या दिवशी बाळाराम आमच्या घरी आला. तो कधी वर येत नसे, खालूनच हाक मारायचा. त्या दिवशी तीन जिने चढून आला, चपला दाराबाहेर काढल्या, हातपाय धुऊन स्वच्छ शर्ट घालून आला होता. बाबा कारखान्यात होते. आई तिळगुळाचे लाडू वळत होती. त्यानं पाणीही घेतलं नाही, उभ्यानंच बोलला.

"वैनी, साहेबांनी नको सांगितला होता, तरी बोलतो. गाडीला काय नाय झालं. दसऱ्यापासून काय नाय झालं. मी दोन येला खोलली, पट्टी जोडली, सगला साहेबांच्या समाधानासाठी केला. क्लच बराबर हाय. साहेबांच्या पायात पानी नाय राहिला. मोठ्या डाक्टरला दाखवा."

आई एकदम भडकली. पाकाचे हात तसेच, उठून उभी राहिली. "गाडी नीट करता येत नाही म्हणून माणसात खोट काढता? माझ्या घरात येऊन सणाच्या तोंडावर अभद्र बोलता?" बाळाराम ऐकत राहिला. "बरा हाय वैनी," एवढंच म्हणाला. जिना उतरताना तो एकदा थांबला आणि त्यानं वर माझ्याकडे बघितलं. आईनं मला काही विचारलं नव्हतं, त्यानं मात्र नजरेनंच विचारलं, तुला ठाऊक होतं ना? मी दार लावून घेतलं.

साडेपाचला जिन्यात चप्पल वाजली. टप्प, सर्र. आई लाडवांचं ताट तसंच ठेवून दारात गेली. रोज ती आतूनच ओरडायची. त्या दिवशी ती कठड्याला धरून खाली वाकून बघत राहिली. बाबा एकेका पायरीवर कठडा धरून डावा पाय ओढून घेत होते. तीन जिने ती तसंच बघत होती. बाबा वर आले, तिला दारात बघून ओशाळले आणि म्हणाले, "काय ग? लाडू झाले?" आई रडायला लागली.

पुढचं लवकर सांगते, कारण ते लवकरच झालं. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात तपासण्या झाल्या. मज्जातंतूंचा आजार निघाला. त्यात एकेक स्नायू काम सोडत जातो आणि त्यावर औषध नव्हतं. आधी दुसरा पाय गेला, मग हात, मग गिळणं. पेन्सिल धरता येईना, तेव्हा बाबा पहिल्यांदा माझ्यासमोर रडले. मी अठराची झाल्यावर लायसन काढलं आणि खाडीपुलावरून त्यांना हॉस्पिटलात ने-आण केली. ते डावीकडे बसायचे, मान सीटला टेकवून. सगळ्या पेडलांवर माझेच पाय असायचे आणि आमच्यामध्ये एका माणसाची जागा रिकामी असायची. बारावीचा निकाल लागून वर्ष व्हायच्या आत ते गेले. त्यांना खांदा द्यायला बाळाराम आला होता. गाडी आईनं विकली, कुणाला ते मी विचारलं नाही.

पुढे माझं लग्न झालं, बँकेत नोकरी झाली, वाशीच्या गवतातून मॉल उगवले, मीही नेरुळला राहायला गेले. त्या दोन महिन्यांचं मी कुणालाच सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. रात्री-अपरात्री नव्हे, भर दिवसा, भाजी चिरताना, बँकेत टोकन देताना, मनात यायचं की दोन महिने आधी दाखवलं असतं तर? वर्तमानपत्रात कुठल्या नव्या उपचाराची बातमी आली की मी ती वाचून घडी घालून टाकायची.

चार वर्षांपूर्वी माझ्या जावेचा मुलगा जेवायला आला होता. तो याच आजारांचा डॉक्टर झाला आहे. मी इकडचं तिकडचं बोलत, दुसऱ्याच कुणाचं असल्यासारखं ते विचारलं. तो सहज म्हणाला, "नाही काकू, दोन महिन्यांनी काहीच फरक पडला नसता. आजही फारसा पडत नाही. तेव्हा तर प्रश्नच नव्हता." मी त्याला आग्रह करकरून खीर वाढली. मला इतकं मोकळं वाटत होतं, की तो गेल्यावर मी गॅलरीत उभी राहून पोटभर रडले.

दुसऱ्या दिवशी मी आईकडे गेले. ती तेव्हा ऐंशीच्या पुढे होती, अजून वाशीच्याच त्या घरात, माझ्या कुठल्याही विनवणीला न जुमानता. दसरा दोन दिवसांवर होता. आई भिजवलेले वाल सोलत बसली होती. मी समोर बसून सोलायला लागले. आता सांगायला हरकत नाही, असं मला वाटत होतं. ज्या गोष्टीनं काहीच नुकसान झालं नाही, ती सांगून टाकावी आणि मोकळं व्हावं.

"आई, बाबांचा पाय जातोय हे मला बाळारामच्या आधीपासून माहीत होतं. दिवाळीपासून. गाडीत क्लच मी दाबायची."

आई सोलत राहिली. "बाळाराम कधी आला होता?" तिनं विचारलं.

"संक्रांतीला."

"म्हणजे दोन-सव्वादोन महिने."

मी घाईघाईनं डॉक्टर काय म्हणाला ते सांगितलं. काहीच फरक पडला नसता, त्या काळी तर औषधच नव्हतं, सगळं सांगितलं. आईनं सोललेला वाल वाटीत टाकला.

"औषधाचं मी कुठं म्हणतेय," ती म्हणाली.

तिनं आणखी चार-पाच वाल सोलले. मला वाटलं, संपलं. मग वाटीत बघतच बोलायला लागली.

"आम्ही दोघं संध्याकाळी भाजीला जायचो. तू क्लासला असायचीस. ते मागे पडायचे. मी पुढे जाऊन उभी राहायची, आणि ते जवळ आले की लगेच चालायला लागायची. म्हणजे मी थांबायची, ते कधीच नाही थांबायचे. त्यांना टेकायलाच मिळायचं नाही. एकदा भर रस्त्यात म्हटलं, असे पाय ओढत येणार असाल तर घरी बसा, लोक बघतात. त्या दिवसापासून ते आलेच नाहीत. मला वाटलं, रागावले. मग मीही रागानं एकटीच जात राहिले."

तिनं पदरानं हात पुसले आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं.

"तू सांगितलं असतंस तर मी हळू चालले असते, नीला."